ते खर्च 'अचानक' नव्हतेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्जात बुडालेल्या घरांबद्दल जे काही छापून येतं, ते मी गेली काही वर्षं फार लक्ष देऊन वाचतो. त्यातला सल्ला बहुतेक वेळा एकच असतो: चैन कमी करा, अंथरूण पाहून पाय पसरा. सल्ला खोटा नाही. पण आमच्या घरात चैन नव्हतीच, तरी आम्ही चार जणांचं देणं लागत होतो. त्या चारपैकी दोन देणी माझ्या पत्नीला माहीतही नव्हती. ४३ महिन्यांनी आम्ही त्यातून बाहेर आलो. कसे आलो, ते लिहितो आहे, कारण आमच्यासारखी घरं बरीच असणार आणि त्यांना 'उधळे' म्हणून आणखी खाली मान घालायला लावू नये असं मला मनापासून वाटतं.

मी यंत्रांच्या देखभालीचं काम करतो, पाळीची नोकरी आहे. पत्नी घरी शिवणकाम करते. दोन क्रेडिट कार्डांची थकबाकी, गाडीचं कर्ज आणि एका सहकाऱ्याकडून घेतलेली हातउसनी रक्कम, अशी आमची चार देणी. दुसरं कार्ड आणि हातउसने पत्नीपासून लपवलेले होते. कार्डाच्या अर्जात दुसरा नंबर म्हणून मी तिचाच फोन नंबर दिला होता, हे माझ्या लक्षातही नव्हतं. एका संध्याकाळी मी दुसऱ्या पाळीला असताना वसुलीचा फोन त्या नंबरवर आला आणि तो उचलला मुलीने. ती तेव्हा सहावीत होती. तिने गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान फाडून त्याच्या कोऱ्या बाजूला निरोप लिहून ठेवला: रक्कम, भरायची शेवटची तारीख, आणि खाली 'बाबांना सांगणे'. रकमेतला स्वल्पविराम आधी चुकीच्या जागी पडला होता, तो खोडून तिने नीट केला होता. रात्री साडेअकराला घरी आलो तेव्हा ते पान टेबलावर होतं आणि पत्नी जागी होती.

ती ओरडली नाही. "अजून किती आहेत?" एवढंच तिने विचारलं. मी एक सांगितलं. ती म्हणाली, "सगळी सांगा. असं पान पुन्हा मला तिच्या अक्षरात बघायचं नाही." मग मी चारही सांगितली. त्याच पानावर, मुलीच्या अक्षराखाली, तिने चार ओळी आखल्या: कुणाचं, किती, व्याज किती, हप्ता किती. व्याजाच्या रकान्यात मला एकाही ठिकाणी खात्रीने आकडा लिहिता आला नाही. दर महिन्याला पैसे भरणारा मी, आणि दर कुठलाच माहीत नव्हता.

पुढचे दोन रविवार आम्ही कागद काढण्यात घालवले. त्यात दोन गोष्टी कळल्या, त्या इथे सांगतो.

पहिली गोष्ट कार्डाची. मी 'किमान देय रक्कम' न चुकता भरत असे आणि आपण वेळेवर भरतो याचं मला समाधान होतं. दर होता महिना ३ टक्के, किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के. पत्नीने कॅल्क्युलेटर घेऊन एक लाख बाकी धरून बारा महिने मांडले. नवीन काहीही खरेदी केलं नाही तरी वर्षभरात जवळजवळ ५५ हजार भरले जातात. त्यातले ३२ हजार व्याजात जातात आणि कर्ज कमी होतं फक्त २३ हजारांनी. मूळ बाकी निम्मी व्हायलाच ३२ महिने लागतात. वर मागची बाकी शिल्लक असली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही संपते, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. तरीही मी त्याच कार्डावर गाडीचे टायर घेतले होते.

दुसरी गोष्ट गाडीच्या कर्जाची. '१२ टक्के' सांगितलं होतं, म्हणून ते स्वस्त म्हणून मी निश्चिंत होतो. पण तो दर फ्लॅट होता. म्हणजे एक लाखावर तीन वर्षांचं व्याज ३६ हजार, ते सुरुवातीलाच मुद्दलात मिळवायचं आणि ३६ हप्ते पाडायचे. आपण दर महिन्याला मुद्दल फेडत जातो, तरी व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण लाखावरच मोजलेलं असतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर तोच दर वर्षाला २१ टक्क्यांच्या आसपास पडतो. यात लपवाछपवी कुणी केली असं माझं म्हणणं नाही, कागदावर 'फ्लॅट' हा शब्द होता. पण मी हप्ता झेपतो का एवढंच पाहिलं होतं.

खरा उलगडा झाला तो घरखर्चाच्या हिशोबात. दोघांची मिळकत मिळून १०० धरली. हप्ते ३६, घरभाडं २०, रोजचा घरखर्च ३९. बेरीज ९५. कागदावर ५ उरत होते! मग दरवर्षी कर्ज वाढत कसं होतं? मी म्हणालो, मध्येमध्ये अचानक खर्च येतात ना. पत्नी म्हणाली, कोणते ते लिहा. आम्ही मागच्या बारा महिन्यांची बँकेची पानं काढली आणि प्रत्येक 'अचानक' खर्चावर पेन्सिलने खूण केली. मुलीची फी, तिचे गणवेश आणि पुस्तकं, विम्याचा हप्ता, गाडीची दुरुस्ती, माझा चष्मा, नातेवाइकांकडे जाण्याचं प्रवासभाडं, पत्नीच्या शिलाई मशीनचं काम. त्यातला जवळजवळ प्रत्येक खर्च त्याच्या आदल्या वर्षीही झालेला होता. शाळा दरवर्षी सुरू होते. विम्याची तारीख तर पॉलिसीवर छापलेलीच असते. यातलं अचानक काय होतं?

त्या सगळ्यांची बेरीज करून बाराने भागली तर महिन्याला १४ आले. म्हणजे उरत होते ५, लागत होते १४. दर महिन्याला ९ ची तूट. वर्षाला १०८, म्हणजे एका महिन्याच्या पूर्ण मिळकतीपेक्षाही जास्त खड्डा, आणि तो खड्डा कार्ड भरत होतं. हे पाहून पत्नी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आपण उधळत नव्हतो." मला त्या वाक्याने जो धीर आला तो कुठल्याही सल्ल्याने आला नव्हता. इतकी वर्षं ती स्वतःच्या एकेका साडीचा हिशोब मनात घोकत होती आणि दोष त्या साड्यांचा नव्हताच.

मग नव्याने मांडलं. एका कार्डाची बाकी कमी दराच्या ठरलेल्या हप्त्यांत बदलून मागितली. दोनदा नकार मिळाला, तिसऱ्यांदा मान्य झालं. त्या कार्डावर पुढे खरेदी बंद, ही त्यांची अट होती आणि आम्हाला ती हवीच होती. दर, प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा आकार हे तिन्ही लेखी घेतले. दुसरं कार्ड आम्ही स्वतःच कातरीने कापून ठेवलं. हप्ते ३१ वर आले. घरखर्च ३४ वर आणला, वर्षाचे खर्च ११ वर. प्रवास एक वर्ष पुढे ढकलला, पण मुलीचा संगीताचा वर्ग चालू ठेवला. त्यावर मी आडवळणाने काही बोललो होतो तेव्हा पत्नीने मला थांबवलं आणि ते बरोबरच होतं. भाड्याचे २० धरून आता बेरीज ९६ झाली. खरोखरचे ४ उरले.

ते ४ लगेच कर्जात घालावेत असं मला वाटत होतं. पत्नी म्हणाली, आधी थोडी गंगाजळी हवी, नाहीतर काहीही बिघडलं की पुन्हा तेच. पाच महिने आम्ही ते ४ बाजूला ठेवले आणि सहाव्या महिन्यात कपडे धुण्याचं यंत्र बंद पडलं. मेकॅनिकने मोटर बदलली, पत्नीने लिफाफ्यातून पैसे काढून दिले आणि पानावर लिहिलं. संपलं. कुठलीही वस्तू बिघडली आणि नवं कर्ज झालं नाही, असं कित्येक वर्षांत पहिल्यांदा घडलं. त्या रात्री मला शांत झोप लागली.

फेडण्याच्या क्रमावरून आमच्यात मतभेद झाले. हिशोबाने पाहिलं तर सर्वांत जास्त दराचं देणं आधी संपवावं, त्यात व्याज सर्वांत कमी जातं. हातउसन्याला व्याजच नव्हतं, म्हणून मी ते शेवटी ठेवलं होतं. पत्नीला ते पटेना. "त्याने कागदही न करता दिले, म्हणून त्याला सगळ्यांत मागे बसवायचं का?" असं ती म्हणाली. सहकारी रोज समोर भेटायचा. तो कधी विषय काढत नसे आणि मी मात्र जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या बाकावर जाऊन बसत असे. शेवटी ठरलं की त्याला दर महिन्याच्या पगारादिवशी, रक्कम छोटी असली तरी न चुकता द्यायची आणि बाकी सारा जोर दुसऱ्या कार्डावर लावायचा. पहिल्यांदा पैसे हातात दिले तेव्हा तो म्हणाला, "घाई नव्हती रे." त्या दिवसापासून मी पुन्हा त्याच्या शेजारी बसू लागलो. व्याजाच्या गणितात हे बसत नाही, तरी मी पुन्हा तसंच करीन.

एक देणं फिटलं की त्याचा सुटलेला हप्ता घरखर्चात मिसळू द्यायचा नाही, तो तसाच पुढच्या देण्याला जोडायचा, हा नियम पाळणं सर्वांत अवघड गेलं. पहिलं कार्ड फिटल्यावर महिनाभर प्रत्येकाला काही ना काही हवंसं वाटत होतं. पण तो हप्ता जोडला म्हणूनच शेवटचं वर्ष भराभर सरलं.

आणखी एक गोष्ट पत्नीने ठरवली. घरातल्या प्रत्येकाला, मुलीलासुद्धा, महिन्याला एक छोटी रक्कम अशी द्यायची की तिचा हिशोब कुणी विचारायचा नाही. मला सुरुवातीला ते कर्ज असताना परवडणारं नाही असं वाटलं. तिचं म्हणणं होतं की पै न पै विचारली गेली की माणूस पुन्हा लपवायला लागतो. लपवण्याची किंमत आमच्या घराने मोजली होती, म्हणून मी वाद घातला नाही. बाकीचा सगळा हिशोब कॅलेंडरच्या पानांवर, स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलेला असे. कोणीही वाचावा. मुलगी दर महिन्याची वजाबाकी स्वतः करायची.

आता आपल्याकडे विनंती. आपल्या अर्थविषयक पानावर कर्जाबद्दल मजकूर येतो तेव्हा हप्ता ठळक असतो. त्याच आकाराच्या अक्षरांत दोन गोष्टी छापाव्यात: सगळे हप्ते भरून झाल्यावर एकूण किती रक्कम जाते, आणि घटत्या शिलकीवर वर्षाचा दर किती पडतो. जाहिरातींचं मला माहीत आहे, त्या तुमच्या हातात पूर्णपणे नसतील. पण लेख तुमचे आहेत. आणि वर्षाच्या सुरुवातीला एकदा, निम्मं पान लागेल, एक कोरा तक्ता छापावा: उभे बारा महिने, आडवे वर्षातून एकदाच येणारे खर्च, शेवटचा रकाना 'बाराने भागून'. वाचकांनी तो कापून दाराला लावावा. आमच्याकडे तो पत्नीने पट्टीने आखला होता.

मुलगी आता दहावीत आहे. माझं नाव छापू नये. हा निर्णय तिचा आहे, आणि पत्र छापायला हरकत नाही हाही तिचाच.

आपला,
एक नियमित वाचक