पोट फुगलेलं, शरीर मात्र कोरडं

माननीय संपादक,
स. न.

आपल्या आरोग्य पुरवणीतला आतड्याच्या अडथळ्यावरचा लेख वाचला. आतड्याला पडणारा पीळ, जुन्या ऑपरेशननंतर एकमेकांना चिकटलेली आतडी, अडकलेला हर्निया, टीबीने अरुंद झालेलं आतडं, ही कारणं लेखात नीट आली आहेत. राहिलं आहे ते फुगलेल्या आतड्यात साचणारं पाणी. ऑपरेशनच्या टेबलापर्यंत रुग्ण धडपणे पोचतो की नाही, हे बरेचदा त्यावर ठरतं.

निरोगी माणसाच्या आतड्यात दिवसाकाठी सुमारे ८ ते ९ लिटर द्रव येतो. प्यायलेलं पाणी त्यात जेमतेम २ लिटर. बाकी लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि खुद्द आतड्याचा रस. जवळजवळ सगळा पुन्हा रक्तात शोषला जातो, शौचावाटे जातो तो १००-२०० मिलिलिटर. वाट अडली की हा द्रव आणि गिळलेली हवा अडथळ्याच्या वर साठते आणि आतडं ताणलं जातं. ताण वाढला की आतड्याच्या भिंतीतल्या नाजूक शिरा दबतात. रक्त आत येत राहतं, पण परत जायला अडतं, भिंत सुजते. सुरुवातीच्या तासांत शोषण मंदावतं. दिवस उलटला की आतडं पाणी ओढून घ्यायचं सोडून उलट पाझरू लागतं. त्या पाझराने ते आणखी फुगतं, आणि फुगलं की आणखी पाझरतं.

नातेवाईक म्हणतात, ‘उलट्या तर फार नाहीत डॉक्टर, मग पाणी कमी कसं झालं?’ पाणी पोटातच असतं, कित्येकदा काही लिटर. पण रक्ताभिसरणातून ते गेलेलं असतं. त्याबरोबर मीठही गेलेलं असतं. दोन्ही साधारण एकाच प्रमाणात गेल्यामुळे तपासणीत सोडियम नॉर्मल येतं आणि रिपोर्ट पाहून सगळे निर्धास्त होतात. कोरडी जीभ, जलद नाडी आणि आटलेली लघवी खरं काय ते सांगत असते.

हे ज्ञान नवं नाही. अमेरिकेत सर्जन हार्टवेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९१२ मध्ये दाखवलं, की आतडं बंद केलेली कुत्री भरपूर सलाइन दिल्यास बरीच जास्त जगतात. तोवर मृत्यूचा दोष आतड्यात तयार होणाऱ्या विषाला दिला जाई. पुढे १९३० च्या दशकात तिथल्याच मिनेसोटा राज्यातले सर्जन वँगेनस्टीन यांनी नाकातून नळी घालून हवा आणि द्रव ओढून घेण्याची पद्धत रुळवली. ताण उतरतो, शिरा मोकळ्या होतात, पाझर कमी होतो. नळी आणि सलाइन, दोन्ही स्वस्त. पीळ किंवा अडकलेला हर्निया यांनी सुटत नाही, तिथे ऑपरेशन लवकरच हवं. पण रुग्ण ते सोसण्याच्या स्थितीत राहतो.

आणि तरीही मोठ्या रुग्णालयात आलेले असे किती तरी रुग्ण मी पाहिले, ज्यांच्या हाताला सुई नव्हती आणि नाकात नळी नव्हती. हातात फक्त ‘पुढील उपचारासाठी’ लिहिलेली चिठ्ठी. प्रवासाचे चार-पाच तास आतडं पाझरतच राहिलेलं. काहींना घरी एरंडेल पाजलेलं, पोट चोळलेलं. शौच नाही, वारा सरत नाही, पोट फुगतंय आणि उलट्या होताहेत, अशा वेळी जुलाब देऊ नका. घोट घोट पाणीही पाजत बसू नका. ते शोषलं जात नाही, फुगाऱ्यात भर घालतं.

प्रत्येक तालुक्यात सर्जन असावा ही मागणी जुनी आहे, ती मी सोडत नाही. पण नळी घालायला आणि सलाइन लावायला सर्जन लागत नाही. आरोग्य विभागाने रेफरच्या चिठ्ठीतच रकाने छापावेत: नळी किती वाजता घातली, तिच्यातून किती द्रव निघाला, सलाइन किती दिलं, लघवी किती झाली. आणि नळीचं तोंड प्रवासात बंद न करता पिशवीत मोकळं सोडावं, ही सूचना त्याच कागदावर ठळक असावी.

आपला,
एक निवृत्त सर्जन, जि. सातारा