‘रोहित कोण?’ विचारणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

नाव लिहीत नाही. तुम्हीच म्हणालात, “कशाला ताई, उगाच गर्दी होईल.” नौपाड्यात ज्यांनी कधी बंद पडलेलं काही तुमच्या गाळ्यात आणलंय, ते ओळखतीलच.

गणपतीनंतर बाबांची एक टीबीची हार्ड डिस्क टेबलावरून पडली आणि टिकटिकायला लागली. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ठाण्याच्या खाडीवर काढलेले सगळे फोटो तिच्यात होते. 2022 मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आंतरराष्ट्रीय मान मिळाला, तेव्हा सोसायटीत पेढे वाटणारा माणूस आहे हा. दुसरी प्रत नव्हती. त्यावरून जे ऐकवायचं ते नातेवाइकांनी फुकटात ऐकवून झालंय. एका भाच्याने तर डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं होतं, माश्यांच्या शेजारी.

पैसे देऊन ऐकलं ते वेगळंच. स्टेशनजवळच्या एका दुकानात पाचशे रुपये ‘चेकिंग’चे घेतले आणि टिकटिक चालू असताना डिस्क वीस मिनिटं तशीच लावून ठेवली. ‘फॉरमॅट करायचं का’ असं स्क्रीनवर आलं, तर तो पोरगा ‘हो’ दाबायच्या बेतात होता. मी हात धरला त्याचा. दुसऱ्या दुकानदाराने मलाच विचारलं, “आजोबांचे पक्ष्यांचे फोटो ना? नेटवर ढिगाने मिळतात.” बाबा शेजारीच उभे होते. कान अगदी शाबूत आहेत त्यांचे. घरी येऊन त्यांनी कॅमेऱ्याची बॅग माळ्यावर टाकायला सांगितली.

तेव्हा तुमच्याकडे मी भांडायच्या तयारीनेच आले होते. तुम्ही डिस्क लावलीच नाहीत. कधी पडली, पडल्यावर किती वेळा लावली, एवढंच विचारलंत. मग स्टुलावरची खोकी खाली ठेवलीत, फडक्याने स्टूल पुसून बाबांपुढे सरकवलंत आणि माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघून म्हणालात, “काका, हिचं हेड कधीही जाईल. आधी काय काढू, ते तुम्ही सांगा.”

तुमच्या लक्षातही नसेल हे. पण दोन महिन्यांत बाबांना कोणी पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

डिस्क वाचणारं हेड तबकडीवर केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी अंतरावर तरंगतं, घासलं की खालचं सगळं खरवडून निघतं, हेही तुम्ही त्यांनाच समजावलंत. बाबा म्हणाले, “म्हणजे सुरय पाण्यालगत उडतो तसं.” सुरय हा पाण्यावरचा पक्षी, हे तुम्हाला कळलं नव्हतं, तरी मान डोलावलीत. मग बाबा म्हणाले, “रोहित राहू देत.”

“रोहित कोण? मुलगा का?”

फ्लेमिंगो हो, दादा! बाबा इतके हसले की ठसका लागला. “रोहित दरवर्षी येतात,” ते म्हणाले, “तुम्ही चेंदणीचं फोल्डर आधी काढा.” मला वाटत होतं, बाबा खाडीवर फक्त पक्षी टिपतात. चेंदणी कोळीवाड्यातली जाळी विणणारी माणसं त्या डिस्कमध्ये आहेत, हे मला तुमच्या गाळ्यात उभी असताना कळलं.

पुढचे अकरा दिवस तुम्ही काय केलंत ते मला सांगता येणार नाही, आणि इथे त्याची गरजही नाही. एवढं मात्र सांगते: “नाही जमलं तर लॅबकडे पाठवावी लागेल, इथल्या धुळीत मी ती उघडणार नाही,” असं तुम्ही आधीच सांगितलं होतं. ‘मला येत नाही’ असं तोंडावर सांगणारा कारागीर मिळाला की माझा निम्मा जीव तिथेच भांड्यात पडतो. पोटापाण्याचं काम करतानाही माणसाशी माणसासारखं बोलता येतं. स्टूल पुसायला पैसे पडत नाहीत.

चेंदणी पूर्ण मिळालं. रोहितांची दोन वर्षं गेली. तुम्ही सॉरी म्हणालात, तेव्हा बाबांनीच तुमची समजूत घातली.

आता घरात दोन डिस्क आहेत, एक माझ्या कपाटात. चेंदणीच्या फोटोंच्या प्रिंट काढल्यात. बाबा त्या एकेक करून नेऊन देतात आणि मासळी घेऊन परत येतात. थंडीत ऐरोलीहून बोटीने खाडीत जायचं ठरतंय. बाबांचा निरोप आहे: त्या मुलाला घेऊन ये, रोहितशी ओळख करून देतो.

तुमची,
टिकटिकवाल्या काकांची मुलगी