पासष्टाव्या वर्षी मदत तुटते कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लाडकी बहीण योजनेत वयाची अट २१ ते ६५ आहे आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. पासष्ट पूर्ण झाली की बाईचे नाव त्या यादीतून जाते. पुढे तिच्यासाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. रक्कमही तेवढीच, महिना दीड हजार. पण दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर तिथे उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये आहे, आणि तीही सबंध कुटुंबाची, सबंध वर्षाची. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी खुरपणीला जाणाऱ्या बाईला जी मदत मिळते, ती सहासष्टाव्या वर्षी गुडघे धरल्यावर मिळेनाशी होते. हात चालत होते तोवर सरकार सोबत होते, हात थांबले तशी मदतही थांबली. ही चूक कुणा कारकुनाची नाही, दोन योजनांच्या नियमांमध्येच ती बसलेली आहे. म्हणून ती सरकारनेच दुरुस्त केली पाहिजे.

२१ हजार म्हणजे नेमके किती, ते एकदा मांडून पाहावे. महिन्याला १७५० रुपये, दिवसाला ५७-५८. रोजगार हमीची २०२५-२६ सालची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने घरातल्या एका माणसाने वर्षात ६८ दिवस काम केले की कुटुंबाचे उत्पन्न २१ हजारांच्या वर जाते. केंद्राच्या रोजगार हमी कायद्याने तर वर्षाला १०० दिवसांची हमी दिली होती. एका हाताने दिलेले काम पुरते घेतले, तर दुसऱ्या हाताने म्हाताऱ्या आईचे अनुदान काढून घ्यायचे, असा हा हिशेब आहे. दुसरी तुलना रेशनची. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबासाठी महाराष्ट्राने मर्यादा ठरवली ती ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार. धान्य देताना ज्या घराला सरकार गरीब म्हणते, त्याच घरातल्या म्हातारीला निवृत्तिवेतन देताना ते म्हणत नाही.

या मर्यादेमुळे होते काय? दाखला खोटा होतो. खरे बोलणाऱ्याचा अर्ज बाद होतो आणि ‘एकवीसच्या आतला’ दाखला करून देणारा एजंट तहसीलच्या आवारात टेबल टाकून बसतो. ग्राम महसूल अधिकाऱ्यालाही (पूर्वीचे तलाठी) माहीत असते की या आकड्यात आज कुठलेच घर चालत नाही. मग त्याने अहवाल खरा लिहिला तर गरीब मरतो, आणि उत्पन्न कमी दाखवले तर उद्या चौकशीत तो स्वतः अडकतो. काही जण कमी दाखवतात, काही अहवाल द्यायचेच टाळतात. निराधार माणसाचे सरकारशी पहिले नाते एका खोट्या आकड्यावर जुळते, ही गोष्ट आम्हाला फार लागते.

६५ वर्षांखालच्यांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता, अनाथ मुले, ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेले, क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग, एड्स, सिकलसेलचे रुग्ण, देवदासी, तृतीयपंथी, कैद्याची पत्नी अशा अनेकांचा तिच्यात समावेश आहे. यादी पाहिली तर मनापासून केलेली योजना आहे, आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ ती अनेकांचा आधार झालेली आहे. अपंगांसाठी उत्पन्नाची मर्यादा ५० हजार ठेवली, पुढे २०२५ मध्ये त्यांची रक्कम अडीच हजारांवर नेली, हेही चांगलेच झाले. अडचण आहे ती यादीत नाव येण्याच्या वाटेवर.

ती वाट अशी. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत जातो, शहरी भागात सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार केंद्रातूनही भरता येतो. सोबत आधार, रेशनकार्ड, वयाचा पुरावा, १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आणि प्रकारानुसार पतीचा मृत्यूदाखला, अपंगत्वाचे प्रमाणपत्र किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांचा आजाराचा दाखला. छाननी झाली की अर्ज तालुका समितीच्या बैठकीपुढे येतो. बैठक लांबली की सगळा गठ्ठा तसाच पडून राहतो. मंजुरी आली की नाव, खाते, आधार पोर्टलवर चढते आणि मग पैसे सुरू होतात. यातली प्रत्येक पायरी समजण्यासारखी आहे. पण प्रत्येक पायरीवर आलेला माणूस एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीतली कागदपत्रे घेऊन आलेला असतो. त्याला ‘पुढच्या सोमवारी या’ म्हणताना त्याची एक दिवसाची मजुरी आणि वडापचे जाण्यायेण्याचे भाडे आपण मागतो आहोत, हे टेबलाच्या अलीकडच्याला जाणवत नाही.

सर्वांत जास्त खोळंबा कुठे होतो, तर मृत्यूदाखल्यावर. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते. बीड, जालना, परभणीचा ऊसतोड कामगार बेळगाव किंवा बागलकोटच्या फडावर वारला, तर दाखला तिथल्या निबंधकाकडून आणायचा. तो कानडीत असतो, नाव ऐकून लिहिलेले असते, आडनाव आणि वडिलांचे नाव उलटसुलट झालेले असते. २१ दिवसांत नोंद केली तर ती साधेपणाने होते. त्यानंतर विलंबाचे सोपस्कार सुरू होतात आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंदच होत नाही. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत फडावरून हलता न येणाऱ्या बाईला २१ दिवसांचा नियम कोण सांगणार? गावाकडे परतल्यावर तिला कळते की नवरा गेल्याचा कागद नाही, म्हणून ती सरकारदरबारी विधवाच नाही. याच दाखल्यावर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजारही अडतात. घरातला कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला तर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला ते एकदाच मिळतात, आणि नेमके त्याच महिन्यात हवे असतात.

परित्यक्तेचे हाल याहून वेगळे. नवऱ्याने टाकलेल्या बाईचे नाव बहुधा अजून त्याच्याच रेशनकार्डावर असते. ते कमी करायला त्याच्या घरच्यांनी कार्ड द्यावे लागते, आणि ते देत नाहीत. मग स्वतःचे कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून स्वतंत्र उत्पन्नाचा दाखला नाही. माहेरच्या कार्डावर नाव चढवले तर भावाचे उत्पन्न तिचे म्हणून धरले जाते.

आता पैसे खात्यावर येण्याविषयी. २०२४ च्या अखेरीपासून श्रावणबाळ आणि संजय गांधी या दोन्ही योजनांचे अनुदान थेट आधारला जोडलेल्या खात्यात जमा होऊ लागले. मधली गळती थांबावी हा हेतू योग्यच आहे. पण ‘खात्याला आधार लिंक आहे’ आणि ‘आधारला खाते लागलेले आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बँकेच्या काउंटरवरही नीट सांगितले जात नाही. एका माणसाचे आधार चार खात्यांना जोडलेले असू शकते. सरकारचे पैसे मात्र एकाच बँकेत जातात, बँकांमधले पैसे वळवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या नोंदीत शेवटी लागलेल्या बँकेत. बाजारात सिमकार्ड घेताना दुकानदाराने ‘अंगठा लावा’ म्हणून एखादे पेमेंट बँकेचे खाते उघडले असेल, तर त्या दिवसापासून पैसे तिकडे वळतात. म्हातारी जुने पासबुक घेऊन बँकेत जाते, पासबुक कोरे निघते, ती तहसीलला येते. तहसीलचा संगणक सांगतो की पैसे गेलेले आहेत. दोघेही खरे बोलत असतात. यावर उपाय साधा आहे. साध्या मोबाईलवरून *९९*९९# लावून आधार क्रमांक टाकला की कुठली बँक लागलेली आहे ते कळते, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरही दिसते. मग जे खाते हवे त्या शाखेत आधार सीडिंगचा, म्हणजे आधारला ते खाते लावण्याचा, संमती अर्ज भरून द्यायचा आणि नोंद चालू झाल्याची काही दिवसांनी खात्री करायची. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय होते, तेही आधी केवायसी देऊन सुरू करून घ्यावे.

आधारवरचे वय हा आणखी एक फास. नोंदणीच्या वेळी अंदाजाने सांगितलेले साल, पुढे १ जानेवारी, अशा जन्मतारखा हजारो कार्डांवर आहेत. बाई सत्तरीची, कार्डावर एकसष्ट. आधारवर जन्मतारीख आयुष्यात एकदाच बदलता येते. त्यामुळे जन्मतारखेचा मान्य आणि पक्का पुरावा हाती आल्याशिवाय घाईने दुरुस्ती करू नये. एकदा चुकीची नोंद पक्की झाली की पुढे फार जड जाते.

दरवर्षी जानेवारी ते मार्चमध्ये हयातीचा दाखला द्यायचा असतो. न दिल्यास अनुदान थांबते. केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्याला २०१४ पासून डिजिटल हयातनामा देता येतो आणि २०२१ पासून घरबसल्या मोबाईलसमोर चेहरा धरून. दगड फोडून, बारदाने शिवून ज्याच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या, त्या माणसाला मात्र मशीनवर अंगठा उठेना म्हणून परत पाठवले जाते. पोस्टमनच्या हातात आज बँक आहे, आशाताई घरोघर जातात, ग्रामपंचायतीत संगणक आहे. अंथरुणाला खिळलेल्याची हयात त्याच्या उंबऱ्यावर जाऊन नोंदवण्याची सक्ती यंत्रणेवर हवी, माणसावर नको. आणि दाखला उशिरा आला तरी मधल्या महिन्यांची रक्कम मागील तारखेपासून मिळाली पाहिजे. तो माणूस त्या महिन्यांतही जिवंतच होता.

बोगस लाभार्थी आहेत, हे आम्ही नाकारत नाही. ते शोधायचे असतील तर गावाची यादी दरवर्षी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी आणि पंचायतीच्या भिंतीवर लावावी. कुणाचा मुलगा सरकारी नोकरीत आहे हे गावाला तोंडपाठ असते. त्याच वेळी कोण सुटले आहे, हेही तिथेच कळेल.

आमच्या मते बदल तीन ठिकाणी हवा. उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी रेशनकार्ड धरावे. लाडकी बहीण योजनेत पिवळ्या आणि केशरी कार्डधारकांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट दिली, तेव्हा काही बिघडले नाही. मग अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंबातल्या वृद्ध, विधवा, अपंग व्यक्तीला तीच सूट देण्यात अडचण कुठली? दुसरे, सरकारजवळ जी माहिती आधीच आहे ती नागरिकाकडून पुन्हा मागू नये. कोण कधी पासष्टीचे होणार हे पोर्टलला माहीत आहे. तिथून नाव आपोआप श्रावणबाळमध्ये वर्ग व्हावे, मध्ये एकही महिना कोरा जाऊ नये.

तिसरे सर्वांत महत्त्वाचे. या योजना शासन निर्णयावर चालतात, कायद्यावर नाही. राज्यघटनेच्या कलम ४१ ने वृद्धत्व, आजार, अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्य देण्याची दिशा राज्याला घालून दिली आहे, पण न्यायालयात मागता येईल असा हक्क तिथे नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी सुरू केली, तिच्यासाठी पैसा उभा राहावा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला. आजही पगारपत्रकावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तो हाच कर. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुराचा भार उचलायचा, हे या राज्याने पन्नास वर्षांपूर्वी मान्य केले. राजस्थानने २०२३ मध्ये किमान उत्पन्न हमीचा कायदा करून निवृत्तिवेतनात दरवर्षी १५ टक्के वाढ कायद्यातच लिहिली. आपल्याकडे रक्कम वाढते ती घोषणा झाली तर. केंद्राचा वाटा तर ६० ते ७९ वयाच्या वृद्धामागे २००६ पासून २०० रुपयांवरच थांबलेला आहे.

एक गोष्ट कायद्याची वाट न पाहता उद्यापासून करता येईल. गावात मृत्यूची नोंद ग्रामपंचायत अधिकारी करतात. मृत व्यक्ती विवाहित पुरुष असेल तर दाखला देतानाच त्याच टेबलावर पत्नीचा निराधार अनुदानाचा आणि कुटुंब लाभाचा अर्ज भरून घ्यावा, पोच द्यावी आणि अर्ज तहसीलला पंचायतीनेच पाठवावा. बाहेरच्या राज्यात मृत्यू झाला असेल तर तिथल्या निबंधकाशी पत्रव्यवहार तहसील कार्यालयाने करावा. तोवर वाचकांना एवढेच सांगू इच्छितो की उत्पन्नाचा दाखला लोकसेवा हक्क कायद्याखाली १५ दिवसांत मिळायला हवा. अर्जाची तारखेसह पोच घ्या. मुदत उलटली तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील करा. अपील साध्या कागदावर, मराठीत लिहिले तरी चालते, आणि ते करायला एजंट लागत नाही.

आपले,
निराधार योजनांच्या अर्जांसाठी मदत करणारे काही कार्यकर्ते