डेटाबेस सर्व्हर सुरू न होणे व सपोर्टने डेटा फोल्डर काढून टाकण्याचा प्रयत्न करणे याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या लेखा व साठा पॅकेजच्या नवीन आवृत्तीसोबत येणारा डेटाबेस सर्व्हर सुरू न होणे, आणि त्यावर आपल्या सपोर्टने सुचवलेला धोकादायक उपाय.

महोदय / महोदया,

आपले पॅकेज आम्ही बऱ्याच वर्षांपासून वापरतो आणि देखभाल कराराचे पैसे दरवर्षी वेळेवर भरतो. नवीन आवृत्तीत आपण मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरची ५.७ आवृत्ती सोडून ८.० वर गेलात, त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. ५.७ ला निर्मात्यांकडून मिळणारा आधार ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला, त्यामुळे हा बदल व्हायलाच हवा होता. तो ज्या पद्धतीने आमच्या माथी मारला गेला आणि नंतर सपोर्टने जे केले, त्याबद्दल मी लिहीत आहे.

इन्स्टॉलर शेवटपर्यंत गेला आणि त्याने "इन्स्टॉलेशन यशस्वी" असे हिरव्या खुणेसह सांगितले. पॅकेज उघडल्यावर मात्र "डेटाबेसशी जोडणी होऊ शकली नाही, प्रशासकाशी संपर्क साधा" एवढेच वाक्य आले. विंडोजच्या सर्व्हिसच्या यादीत नवीन सर्व्हर बंद दिसत होता. तो हाताने सुरू केला की १०६७ क्रमांकाची एरर यायची. प्रक्रिया अनपेक्षितपणे बंद पडली, यापलीकडे ती एरर काही सांगत नाही. का बंद पडली, ते एरर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर स्वतःच्या चुका नोंदवतो त्या फाइलमध्ये असते आणि तो लॉग कुठे आहे हे आपल्या इन्स्टॉलरमध्ये, मदतपुस्तिकेत किंवा त्या एका वाक्याच्या संदेशात कुठेच लिहिलेले नाही. विंडोजमध्ये तो ज्या प्रोग्रॅमडेटा फोल्डरच्या आत असतो, तो फोल्डर मुळात लपवलेला असतो. ज्याला माहीत नाही त्याला तो सापडणार कसा?

सपोर्टला फोन केला. पहिला सल्ला : काढून पुन्हा टाका. तसे केले, फरक पडला नाही. मग फायरवॉल बंद करा, अँटिव्हायरस बंद करा, मशीन रीस्टार्ट करा. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येकाला सगळी कहाणी पहिल्यापासून. एरर लॉगमध्ये काय आहे, हे एकानेही विचारले नाही.

त्यानंतर आपल्या प्रतिनिधीने रिमोट सेशन घेतले, म्हणजे दुरून आमच्या मशीनचा ताबा घेतला, आणि या पत्राचे खरे कारण तेच आहे. त्यांनी आधी आपले कॉन्फिगरेशन दुरुस्तीचे टूल चालवले. त्याने काही झाले नाही, तेव्हा प्रोग्रॅमडेटा उघडला, मायएसक्यूएलच्या फोल्डरमध्ये गेले, ५.७ च्या नावाच्या फोल्डरवर क्लिक केले आणि म्हणाले, "हे जुनं आहे, उडवून टाकतो, मग सगळं फ्रेश होईल." त्यांनी डिलीट दाबलेसुद्धा. विंडोजने नकार दिला : फोल्डरमधली फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे. ते टास्क मॅनेजर उघडून ती प्रक्रियाच बंद करायला निघाले होते. माझ्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने माउस हातात घेतला आणि सेशन तोडले.

त्या फोल्डरमध्ये आयबीडेटा१ ही मायएसक्यूएलची मुख्य डेटा फाइल होती आणि आमच्या पॅकेजच्या नावाचा उपफोल्डर होता. म्हणजे आमची सगळी खाती, साठ्याच्या सगळ्या नोंदी, सगळी बिले. आमचा बॅकअप आदल्या रात्रीचा होता, त्यामुळे त्या दिवशी अपडेटपूर्वी केलेल्या नोंदींवर पाणी सोडावे लागले असते. पण बॅकअप आहे का, कधीचा आहे, तो परत चढवून पाहिला आहे का, यातले काहीही त्या प्रतिनिधीने विचारले नव्हते. दुसऱ्या एखाद्या ग्राहकाकडे बॅकअप नसता तर? त्याची वर्षानुवर्षांची कागदपत्रे एका क्लिकवर गेली असती आणि तिकिटावर "समस्या सोडवली" असा शेरा पडला असता. हे आठवले की अजूनही पोटात गोळा येतो.

आणखी वाईट वाटते ते याचे, की विंडोजच्या त्या नकारातच उत्तर होते. जुन्या फोल्डरमधली फाइल उघडी आहे, याचा अर्थ जुना सर्व्हर अजून चालू आहे. पुढचा शोध आमचा आम्हीच घेतला. तो इथे सविस्तर देत आहे, कारण आपल्या तांत्रिक विभागाला तो हवा असायला हवा.

नवीन सर्व्हरच्या डेटा फोल्डरमध्ये संगणकाच्या नावाची, ईआरआर शेवट असलेली फाइल असते. तोच एरर लॉग. त्यात स्पष्ट लिहिले होते, की पोर्ट (सर्व्हर ज्या क्रमांकावर जोडण्या घेतो तो) घेता येत नाही, ३३०६ वर आधीच दुसरा मायएसक्यूएल सर्व्हर चालू आहे का? कमांड प्रॉम्प्टवर नेटस्टॅट ही आज्ञा चालवून ३३०६ वर कोणती प्रक्रिया बसली आहे ते पाहिले, टास्कलिस्ट या चालू प्रक्रियांच्या यादीत तिचा क्रमांक जुळवला, तर तो ५.७ चाच सर्व्हर निघाला. आपल्या इन्स्टॉलरने जुनी सर्व्हिस थांबवली नव्हती आणि मशीन सुरू होताना ती आपोआप आधी उठत होती. म्हणून रीस्टार्ट करून काहीच हाती लागत नव्हते.

पॅकेजच्या स्वतःच्या लॉगमध्ये १०४५ ही एरर होती. म्हणजे समोर सर्व्हर आहे, पण तो हे नाव आणि पासवर्ड मान्य करत नाही. सर्व्हरच जागेवर नसता तर २००३ आली असती. आपले पॅकेज नव्या पासवर्डने जुन्या सर्व्हरचे दार ठोठावत होते आणि आम्हाला दाखवत होते, की जोडणी झाली नाही. या दोन एररचे अर्थ वेगळे, उपायही वेगळे. आपण दोन्ही एकाच वाक्याखाली झाकून टाकल्या आहेत.

जुनी सर्व्हिस थांबवली, तरी नवीन सुरू होईना, आणि आता लॉगमध्येही नवे काही येईना. शेवटी सर्व्हर कमांड प्रॉम्प्टवरून, संदेश पडद्यावर दाखवणारा कन्सोलचा पर्याय देऊन चालवला, तेव्हा पडद्यावर कारण उमटले : कॉन्फिगरेशन फाइलच्या पहिल्याच ओळीत गटाच्या शीर्षकाशिवाय मजकूर आहे. फाइल उघडून पाहिली तर शीर्षक जागेवर होते. दोष डोळ्यांना न दिसणाऱ्या तीन बाइटचा होता. आपल्या दुरुस्तीच्या टूलने फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात बीओएमसकट, म्हणजे सुरुवातीला लागणाऱ्या अदृश्य खुणेसकट जतन केली होती, आणि मायएसक्यूएल ते बाइट मजकूर म्हणून वाचतो. फाइल बीओएमशिवाय जतन केल्याबरोबर सर्व्हर सुरू झाला. दुरुस्तीसाठी दिलेले टूलच बिघाड करते, ही गोष्ट आपण गांभीर्याने घ्यावी.

सर्व्हर सुरू झाला आणि पॅकेज उघडले ते रिकामे. एकही खाते नाही. नव्या सर्व्हरने नवा, कोरा डेटा फोल्डर घेतला होता आणि आमच्या नोंदी त्याच ५.७ च्या फोल्डरमध्ये होत्या, जो "उडवायचा" होता. आम्ही त्या फोल्डरची प्रत बाजूला ठेवली, जुना सर्व्हर ३३०७ पोर्टवर चालवून मायएसक्यूएलडंप या डेटा बाहेर काढण्याच्या साधनाने सगळा डेटा काढला आणि नव्यात भरला. मूळ फोल्डरवर थेट ८.० चालवण्याचा धोका पत्करला नाही, कारण एकदा ८.० ने फाइली बदलल्या की त्या ५.७ ला परत वाचता येत नाहीत. हे काम ग्राहकाचे नाही. डेटा नव्या सर्व्हरवर नेणे हा अपडेटचाच भाग आहे आणि आपल्या माहितीपत्रकात तसे आश्वासनही आहे.

आता आमच्या मागण्या. कोणत्याही ग्राहकाच्या मशीनवर डेटा फोल्डरची प्रत घेतल्याशिवाय आणि ग्राहकाची लेखी संमती असल्याशिवाय सपोर्टने त्याला हात लावू नये, असा आदेश आपण काढावा आणि त्याची प्रत आम्हाला पाठवावी. ही मागणी बाकी सगळ्यांच्या आधी. आपले सपोर्टचे लोक दिवसभर दमलेले असतात, त्यांच्याकडे बहुधा ठरावीक उत्तरांचा कागदच असतो, याची मला जाणीव आहे. त्या एका प्रतिनिधीवर कारवाई व्हावी अशी माझी इच्छा नाही. त्या कागदावर पहिली ओळ "एरर लॉग मागवा" अशी असावी.

इन्स्टॉलरने सुरुवातीलाच पोर्ट मोकळे आहे का आणि जुनी सर्व्हिस आहे का हे तपासावे. सर्व्हर खरोखर उत्तर देईपर्यंत त्याने "यशस्वी" म्हणू नये, आणि अपयश आले तर लॉगचा पूर्ण मार्ग पडद्यावर दाखवावा. दुरुस्तीचे टूल सुधारेपर्यंत मागे घ्यावे. ज्या ग्राहकांनी ही आवृत्ती आधीच टाकली आहे, त्यांना जुन्या फोल्डरबद्दल आजच सूचना पाठवावी. कुणीतरी जागा मोकळी करण्यासाठी तो काढून टाकण्याआधी ती पोहोचायला हवी.

आमचे काम जितका काळ बंद राहिले, तितकी मुदत देखभाल करारात वाढवून मिळावी. या पत्राचे उत्तर लेखी आणि तांत्रिक विभागातील जबाबदार व्यक्तीच्या सहीने मिळावे. तिकीट बंद झाल्याचा आपोआप आलेला संदेश आम्ही उत्तर मानणार नाही, आणि तोपर्यंत आमच्या मशीनवर रिमोट सेशनला परवानगी देणार नाही.

कळावे,

आपली ग्राहक,
कार्यालय व्यवस्थापक

सोबत :
दोन्ही सर्व्हरचे एरर लॉग
पॅकेजचा लॉग, १०४५ ची नोंद अधोरेखित करून
दुरुस्तीच्या टूलने लिहिलेली कॉन्फिगरेशन फाइल, जशीच्या तशी
रिमोट सेशनचे ध्वनिचित्रमुद्रण