क्लायमॅक्स लॉरेन्सला का वगळले?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला गोव्याच्या फुटबॉलपटूंवरचा लेख वाचला. ब्रुनो कुतिन्होला त्यात मानाचे पान मिळाले, ते योग्यच. पण धेंपो क्लबकडून आणि भारताकडून खेळलेल्या क्लायमॅक्स लॉरेन्सचे साधे नावही नाही? गोलांचा तक्ता पुढ्यात घेऊन नावे निवडली असावीत. त्या तक्त्यात क्लायमॅक्ससारखा बचावात्मक मिडफिल्डर, म्हणजे बचावफळीपुढे राहून हल्ले तोडणारा, सापडायचा कसा?

२००४-०५ ते २०११-१२ या काळात धेंपोने पाच वेळा देशाचे विजेतेपद जिंकले, दोनदा राष्ट्रीय लीग आणि तीनदा आय-लीग. धेंपोचा स्ट्रायकर रँटी मार्टिन्सचे गोल सगळ्यांना तोंडपाठ आहेत. पण फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये बसून तो संघ पाहिलेल्यांना विचारा. आक्रमक मिडफिल्डर बेटो चेंडू घेऊन पुढे निघाला की क्लायमॅक्स मागे थांबायचा. बॅक (बचावपटू) हल्ल्यासाठी वर गेला की त्याची रिकामी जागा हा धरायचा. चेंडू हिसकावला की फार मिरवायचा नाही, दोन टचमध्ये जवळच्या मोकळ्या खेळाडूकडे देऊन टाकायचा. (फोटोत येण्यासारखे यात काही नसते, हे मान्य.)

बरे, गोलच हवा असेल तर तोही आहे. ३० जुलै २००८, हैदराबाद, एएफसी चॅलेंज कप ही आशियातल्या उदयोन्मुख संघांची स्पर्धा. अफगाणिस्तानविरुद्ध नव्वद मिनिटे झाली तरी भारताला गोल होईना. भरपाई वेळेत क्लायमॅक्सने तो केला आणि घरच्या मैदानावरची नामुष्की टळली. पुढे १३ ऑगस्टला दिल्लीतल्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानला ४-१ ने हरवून भारत २०११ च्या आशिया चषकाला पात्र ठरला, १९८४ नंतर प्रथमच. त्या दिवसाची छेत्रीची हॅटट्रिक आजही निघते. हैदराबादचा गोल कोणी काढत नाही.

त्या आशिया चषकात दोह्यात आपण तीन सामन्यांत १३ गोल खाल्ले, म्हणून त्या पिढीला नावे ठेवणारेही पुष्कळ आहेत. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण कोरियापुढे आपली मधली फळी कोंडली गेली, हे खरेच. पण तिथवर २७ वर्षे कोणी पोहोचलेच नव्हते, याचा उल्लेख तरी करायचा की नाही?

२०१२ मध्ये क्लायमॅक्स आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला. आपल्या क्रीडा प्रतिनिधीने त्याची सविस्तर मुलाखत घ्यावी, ही विनंती. बायचुंग भुतियाच्या किस्स्यांपेक्षा जागा कशी धरायची, टॅकलला कधी जायचे आणि कधी नाही, हे विचारावे. शनिवारच्या अंकात आले तर उत्तम. आमच्या वाड्यावरची पोरे त्याच दिवशी सरावाला जमतात.

आपला,
एक वाचक, मडगाव