फोन कंपनीने दिला, मग अपडेटचं कोण बघणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सायबर फसवणुकीच्या बातम्या आपल्या पेपरात रोज येतात, कुणाचं खातं रिकामं झालं, कुणाला डिजिटल अरेस्टच्या नावाने घाबरवलं, आणि त्या यायलाच हव्यात. पण ऑफिसने स्टाफला दिलेल्या फोनबद्दल कुठे काही वाचायला मिळत नाही म्हणून हे पत्र. मी अंधेरी एमआयडीसीतल्या एका मध्यम कंपनीत अ‍ॅडमिन आणि आयटी दोन्ही बघते, फोन घेणं, वाटणं, माणूस नोकरी सोडून गेला की परत घेणं हे माझंच काम आहे, त्यामुळे जे लिहितेय ते रोजचं बघून लिहितेय.

मुंबईत असे फोन किती असतील बघा. एमआर, लोन विकणारी पोरं, लिफ्ट आणि एसी सर्व्हिसवाले, भिवंडीच्या गोडाऊनचे सुपरवायझर, विमा कंपन्यांचे सर्व्हेअर, सगळ्यांच्या हातात कंपनीचा फोन. आणि त्यात काय असतं तर ऑफिसचा मेल, कस्टमरची अख्खी यादी, व्हॉट्सॲपवर आलेले आधार-पॅनचे फोटो, कॅन्सल्ड चेक, आणि लहान कंपनी असेल तर जीएसटी आणि बँकेचा ओटीपीसुद्धा त्याच नंबरवर येतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरला अँटिव्हायरस, फायरवॉल, पासवर्डचे नियम सगळं करतात, आणि हा फोन मात्र गर्दीच्या लोकलमधून विरारपर्यंत जातो आणि त्याचा पिन सगळ्या स्टाफला सोपा पडावा म्हणून १२३४ ठेवलेला असतो.

पण चोरीपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती अपडेटची. अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या सिक्युरिटीच्या त्रुटींची यादी गूगल २०१५ पासून दर महिन्याला जाहीर करतं, त्या वर्षी स्टेजफ्राइट नावाची त्रुटी सापडली होती, नुसता एक एमएमएस पाठवून फोनमध्ये घुसता येत होतं, त्यानंतर हे सुरू झालं. आता गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे ती अशी की दुरुस्ती जाहीर झाली की कुठे भोक होतं ते चोरालाही कळतं. म्हणजे ज्याने अपडेट टाकलं तो सुटला, आणि ज्याने नाही टाकलं त्याचा फोन आदल्या दिवसापेक्षा जास्त धोक्यात. आणि गूगलने दुरुस्ती दिली म्हणून ती आपल्या फोनवर आपोआप येत नाही, फोन बनवणारी कंपनी ती आपल्या मॉडेलसाठी तयार करून पाठवते तेव्हा येते, कधी उशिरा, आणि मॉडेल जुनं झालं की येतच नाही. सॅमसंगचा एस २४ किंवा गूगलचा पिक्सेल ८ यांना सात वर्षं अपडेटचं वचन आहे, पण ऑफिसं घेतात ती स्वस्त मॉडेल, त्यातल्या काहींना दोन-तीन वर्षंच. तो फोन दिसायला चांगला असतो, बॅटरी चालते, म्हणून एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे फिरत राहतो. सेटिंगमध्ये सिक्युरिटी पॅचची, म्हणजे फोनवर आलेल्या शेवटच्या दुरुस्तीची, तारीख लिहिलेली असते, कुठल्याही ऑफिसमध्ये जाऊन दहा फोन उघडून ती तारीख बघा म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल.

यावर मालक लोकांचं एक ठरलेलं उत्तर असतं, आपल्यावर कोण पाळत ठेवणार, आपण काय मंत्री आहोत का. त्यांना पेगॅसस आठवतं. ते स्पायवेअर, म्हणजे फोनमध्ये शिरून गुपचूप पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर, एनएसओ या इस्रायली कंपनीचं, ती म्हणते आम्ही फक्त सरकारांना विकतो. २०१९ मध्ये व्हॉट्सॲप कॉलमधल्या त्रुटीतून जगभरातले सुमारे १४०० फोन लक्ष्य केले गेले, कॉल उचलायचीसुद्धा गरज नव्हती, त्यात आपल्याकडचे पत्रकार आणि मानवी हक्क कार्यकर्ते होते. व्हॉट्सॲपने अमेरिकेत केस केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोर्टाने एनएसओला जबाबदार धरलं. आपल्या सुप्रीम कोर्टाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचमध्ये मालवेअर म्हणजे घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगॅससच होतं असं मात्र समितीला ठरवता आलं नाही. एवढं महागडं हत्यार काळबादेवीच्या व्यापाऱ्यावर कुणी वापरणार नाही हे मलाही मान्य आहे.

पण व्यापाऱ्याच्या फोनसाठी एवढं महाग काही लागतच नाही. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके, म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून ॲप टाकणारी फाइल, येते, ई-चलानच्या नावाने येते, बँक केवायसीच्या नावाने येते. गाडी घेऊन फिरणाऱ्या सेल्सच्या पोराला चलान आलं म्हटल्यावर तो उघडणारच, त्याला दोष कसा द्यायचा. ती फाइल एसएमएस वाचायची परवानगी मागते, ॲक्सेसिबिलिटीची मागते, ती एकदा मिळाली की स्क्रीनवर काय चाललंय ते दिसतं, बटणंसुद्धा तीच दाबू शकते, आणि ओटीपी परस्पर दुसरीकडे जातो. हे स्पायवेअरच आहे.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त खटकतं ते. बऱ्याच ऑफिसांमध्ये फोनची सुरक्षा म्हणजे स्टाफवर नजर असं समीकरण झालंय. हजेरीचं ॲप, लोकेशनचं ॲप, कॉल रेकॉर्डिंगचं ॲप. आमच्या ओळखीच्या एका कंपनीत असं ॲप विकणाऱ्याने ते प्ले स्टोअरवरून न देता व्हॉट्सॲपवर एपीके म्हणून पाठवलं, सोबत सूचना की अननोन ॲप्स इन्स्टॉल करायची परवानगी चालू करा, घातक ॲप पकडणारं गूगलचं प्ले प्रोटेक्ट बंद करा, सगळ्या परमिशन द्या. म्हणजे फसवणूक करणारा माणूस जे जे करायला सांगतो ते सगळं ऑफिसनेच स्टाफकडून करवून घेतलं. आता उद्या चलानची एपीके आली तर तो मुलगा कुठल्या तोंडाने नाही म्हणेल, त्याला तर हेच बरोबर आहे असं शिकवलंय. शिवाय त्या ॲपला मायक्रोफोन कशाला हवा, कॉन्टॅक्ट कशाला हवेत, रात्री दहाला डोंबिवलीच्या घरी असलेल्या माणसाचं लोकेशन कशाला हवं, हे कुणी विचारत नाही, आणि तो सगळा डेटा त्या विक्रेत्याच्या सर्व्हरवर किती सुरक्षित आहे हेही नाही.

खरं तर सोय आहे आणि ती फार महाग नाही. अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल नावाची गोष्ट आहे, ऑफिसची ॲप्स आणि डेटा एका वेगळ्या कप्प्यात राहतात, स्टाफ स्वतःचाच फोन वापरत असेल तर ऑफिसला त्याचे घरचे फोटो दिसत नाहीत आणि तो सोडून गेला की तेवढाच कप्पा पुसता येतो. कंपनीच्या फोनवर मोबाइल मॅनेजमेंटच्या सॉफ्टवेअरने एपीके टाकणं बंद करता येतं, लांब पिन सक्तीचा करता येतो, आणि ज्या फोनचा पॅच फार जुना झालाय त्याचा ऑफिस मेल बंद करता येतो. हे शेवटचं केलं की लोक स्वतःहून अपडेट टाकायला लागतात, कारण मेल नाही तर काम नाही. आठवड्यातून एकदा फोन रीस्टार्ट करा असं अमेरिकेची गुप्तचर संस्था एनएसएसुद्धा सांगते, काही स्पायवेअर रीस्टार्टनंतर टिकत नाही, याला तर एक पैसा लागत नाही. फोन हरवला तर पोलीस तक्रार करून संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा नंबर, ब्लॉक करा, पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

आणि हे ऐच्छिक राहिलेलं नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार ठरावीक प्रकारची सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत त्या संस्थेला कळवावी लागते. ज्या ऑफिसात कुठला फोन कुणाकडे आहे याचंच रजिस्टर नाही तिथे सहा तासांत काय कळवणार?

माझं म्हणणं एवढंच आहे की फोन कंपनीचा असेल तर तो अपडेटेड ठेवायची जबाबदारी कंपनीची, बाराशे मेसेज बघत धावपळ करणाऱ्या सेल्समनची नाही. खरेदीच्या वेळी किंमत आणि बॅटरीच्या आधी विचारा की याला सिक्युरिटी अपडेट कुठल्या वर्षापर्यंत मिळणार, दुकानदाराकडून ते बिलावर लिहून घ्या, आणि ते वर्ष संपलं की फोन कामातून काढा, चालू असला तरी.

आपल्या पेपरात नवीन फोनची माहिती येते तेव्हा कॅमेरा किती मेगापिक्सेल, किंमत किती हे असतं. त्याच चौकटीत अपडेट कुठल्या वर्षापर्यंत मिळणार ही एक ओळ कृपया छापायला सुरुवात करा, आमच्यासारख्या खरेदी करणाऱ्यांना मालकासमोर ठेवायला ते कात्रण फार उपयोगी पडेल.

आपली,
एक वाचक, अंधेरी (पूर्व), मुंबई