यूके ट्रिपवाल्यांनो, कॉट्सवोल्ड्सच्या दिवसाबद्दल

मंडळी, ऑक्सफर्डहून कॉट्सवोल्ड्स या खेड्यांच्या भागाची एक दिवसाची ट्रिप आपणच गाडी चालवत करायचीय, बायबरी आणि बोर्टन-ऑन-द-वॉटर एवढंच, जास्त गावं कोंबू नका ओ, विंडरश नदीकाठी निवांत बसायला वेळ पाहिजे. बायबरीतल्या आर्लिंग्टन रोच्या जुन्या दगडी घरांत लोक राहतात, दारात उभं राहून फोटो नको.

चालवणाऱ्यांनी ओरिजिनल लायसन्स घ्या, झेरॉक्स चालणार नाही. गाडी आपल्यासारखी डावीकडूनच, पण पाट्या मैलात, 30 म्हणजे साधारण 48 किलोमीटर, आणि राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आपण सात रस्ता चौकात घुसवतो तसं अजिबात नाही. मागच्यांनीपण बेल्ट लावायचाच. खेड्यातले काही रस्ते एका गाडीपुरतेच, समोरून कोणी आलं की रुंद जागेत थांबा, त्यानं हात केला की आपणही करा, मला हे फार आवडतं.

शेंगाचटणी, कडक भाकरी घ्या की, पण पेढे-तूप नको, इथून दुधाचं काही नेऊ देत नाहीत.

लायसन्सचे फोटो ग्रुपवर नको, रविवारपर्यंत मला पर्सनलला टाका, गाडी बुक करायचीय.